खिशात परतीचं भाडं

लोकरीच्या गोदामात यंदा लोकर नाही.
मेंढ्यांचा वास मात्र भिंतींनी सोडलेला नाही,
आणि त्या वासात, चुन्याने आखलेल्या चौकोनांत,
एक्केचाळीस गाड्या.
अर्धं नुएवा पाल्मिरा आत, अर्धं दारात.

आमचा नियम साधा.
खिशात परतीच्या बसचं भाडं, बगलेत मातेचा थर्मास,
प्रत्येकी तीन पसंत्या,
चिठ्ठीवर लिहून शेवटच्या हातोड्यापर्यंत घडीत.
बावीस वर्षं येतो आम्ही.
बावीस वर्षांत एक स्क्रूही घेतलेला नाही.

बाउदिलियो गाड्या नाकाने बघतो.
बॉनेट उघडलं की आधी हुंगणार, मग चष्मा लावणार.
मी दारं लावून बघते.
स्टुडबेकरचं दार लागतं जाड पुस्तक मिटावं तसं.
फोर्डचं, पत्र्याच्या डब्याचं झाकण.
सिट्रोएनचं लागतच नाही;
तिला कमरेने एक ठोसा लागतो,
आणि तो नेमका देणारी माणसं आता फार उरली नाहीत.

लाल गाड्यांभोवती झुंबड.
मोंतेविदेओहून आलेला पांढऱ्या बुटांचा एक पोरगा
रंगाची जाडी मोजतोय यंत्राने,
ताप बघावा तसा, दर वीतभरावर.
त्याला हिला पडलेली पाचवी पुटं सापडतील.
पहिलं पुट कोणी, कुणासाठी निवडलं,
ते यंत्रात येत नाही.

सतरा नंबर.
हिलमन, मोहरीच्या रंगाची.
एबेर तुर्न स्टुलावर चढून ओरडतो,
"डॉक्टर गोनेतांची! एकच मालक! कुठे घासली नाही, कुठे आपटली नाही!"

मी मागे जाते.
डाव्या मडगार्डखाली बोट फिरवते.
आहे.
चमच्याच्या पोटाएवढा खोलगट भाग, रंगाखाली, अजून.

चौऱ्याहत्तरचा हिवाळा. मी एकोणीस वर्षांची, दवाखान्यातली टंकलेखिका.
रात्री इंजेक्शनं आणायला डॉक्टरांनी किल्ली दिली,
विचारलं नाही येतं का चालवता.
जाताना सगळं नीट झालं.
येताना रिव्हर्समध्ये बेकरीची पायरी आडवी आली.
सकाळी डॉक्टरांनी मडगार्ड पाहिलं, मला पाहिलं,
आणि गावभर सांगितलं, दगड उडाला.

दगड उडाला, आणि अजून उडतोच आहे,
डॉक्टर गेले तरी खाली पडलेला नाही.
एबेर, तुझ्या गाडीबद्दल बोलू का मी काही?
नाही बोलले.
हिलमन गेली, बऱ्यापैकी पैशांत,
मर्सेदेसच्या एका दंतवैद्याकडे.

माझी पहिली पसंती एकोणतीस.
इंजिन नाही, काचा नाहीत, एक कुबडं पिकअप.
टपावर ओर्नेरो पक्ष्याचं घर, चिखलाची भट्टी,
दार पूर्वेला.
कुरणातून आणणाऱ्याने ट्रेलर पायी चालीने आणला म्हणे,
तेवीस किलोमीटर, घर फुटू नये म्हणून.
तिच्यावर कुणी बोली लावली नाही.
एबेरने दोनदा विचारलं, मग पाणी प्यायला.

संध्याकाळी बाकावर चिठ्ठ्या उघडल्या.
माझी: एकोणतीस, चार, छत्तीस.
त्याची: अकरा, चार, सतरा.

"सतरा का रे?"
"प्रामाणिक तोंडाची गाडी," तो म्हणाला.
"आणि आत कसलातरी वास. स्पिरिट असेल.
नाहीतर पाव."

थर्मासात शेवटचं कोमट पाणी होतं.
मी त्याला माते भरून दिलं,
नेहमीपेक्षा थोडं जास्तच काठोकाठ,
आणि म्हटलं, "असेल."

बस आली.
तिचं दार लागलं फुसकन् हवा सोडत,
कशासारखंच नाही.