माणसं चाळीस

बाबांची वही सापडली ती बँकेच्या जुन्या पासबुकांत,
रबर वितळून कागदाला चिकटलेला.
एका बाजूला ड्यूटीचे तक्ते,
आणि तक्त्यांच्या पाठीवर त्यांचं तिरकं अक्षर:
गुलाश. माणसं ४०.

कांदे बारा किलो. मांसही तेवढंच.
शहाजिरं वाटीभर, खलबत्त्यात, पूड नको.
तिखट रंगाचं, ठसक्याचं नव्हे.
ते घालताना आच बंद. जळलं तर कडू. देझो ओरडतो.
बटाटे शेवटी.
मीठ: देझोचं तोंड बघून.

देझो म्हणजे तेलाच्या विहिरींवरचा कुणी हंगेरीचा इंजिनीअर.
फहूदच्या कॅम्पात, वाळूत ठेवलेल्या पत्र्याच्या स्वयंपाकघरात
त्यानं आपल्या आईचा पदार्थ माझ्या बापाला शिकवला.
दोघांचं इंग्रजी एकत्र केलं तरी
एक वाक्य पुरं होत नसणार.
हातांनी सांगितलं असेल,
एवढं, अजून, बास.

बाबा ते मांस खात नसत. चाखतही नसत.
अकरा वर्षं दर गुरुवारी त्यांनी तो हंडा उतरवला
आणि त्याची चव त्यांना माहीत नव्हती.
पळी पुढं करायची, समोरच्याच्या भुवया बघायच्या.

घरी मात्र, दोन वर्षांनी एकदा, दोन महिने,
ते पाहुण्यासारखे बाहेरच्या खोलीत बसत.
पाणी मागून घेत.
आई त्यांना जेवायला वाढी, ते मान खाली घालून जेवत,
आणि तिनं कधी विचारलं नाही
की तुम्ही तिकडे नेमकं करता काय.
'कंपनीत आहेत' एवढंच देवरुखात सगळ्यांना ठाऊक.
ती गेली तेव्हाही तिला माहीत नव्हतं
की तिच्या नवऱ्याला कांदा डोळे न मिटता चिरता येतो.

आता मी सोहारला. शुक्रवार.
एसीमुळं काचेला बाहेरून घाम सुटलाय,
बंदराच्या क्रेन पुसट दिसतायत.
जुई ओट्याशी उभी, फोनवर भागाकार करत:
बारा भागिले चाळीस, गुणिले तीन.
नऊशे ग्रॅम, आई. शहाजिरं मात्र
चमच्याच्या टोकाएवढंसुद्धा येत नाहीये.
मी बोकडाचं मांस आणलंय, रंगाला ब्याडगी.
देझो ओरडला असता.

चाळिसाला तिघांत बसवता येत नाही.
दर वेळी माझा हात मोठा पडतो,
कांदा परततानाच कळतं, पातेलं कमी पडणार.
उरतंच.
मूळ चव कुणाला माहीत आहे या घरात?
ज्यानं लिहिलं त्यालाही नव्हती.
आमच्याकडे आलाय तो नुसता हिशेब,
आणि एक परका माणूस, ज्याच्या तोंडाकडं बघायचं.

आच बंद केली. तिखट घातलं.
तेल तांबडं झालं, जुई जराशी मागं सरली.
मीठ किती?
वही दाखवली. तिनं वाचलं, हसली,
मग हसणं थांबवून माझ्या तोंडाकडं बघू लागली.
माझं नको बघू, म्हटलं, मला सर्दी आहे.

उरलेलं डब्यात भरून आम्ही खाली नेलं.
वॉचमन रफीकुल, त्याची प्लास्टिकची खुर्ची,
जिन्याखालच्या सावलीचा त्याचा तेवढा चौकोन.
त्यानं डबा घेतला, मान हलवली,
आणि आमच्याकडं पाठ करून खायला बसला.

बाबांच्या हंड्यापुढंही माणसं अशीच बसत असतील,
पाठी, शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे.

आई, पाठीवरून कळतं का, जुई कुजबुजली.
थांब जरा, म्हटलं.
तो खुबूसचा तुकडा मोडून
डब्याच्या कडेनं फिरवतोय.