कठीण स्तर लागेपर्यंत

उदगीरला, उपविभागाच्या फाटकासमोर
झेरॉक्सवाल्या दस्तगीरच्या टपरीला लागून
मी खुर्ची टाकून बसते. दुपारी दोन ते पाच.
गुत्तेदार येतात, करारनामा पुढं करतात,
बहात्तर पानं, लाल नाडी, पानोपानी त्यांची सही,
आणि विचारतात, बाई, यात लिहिलंय काय?

आधी सही, मग सवाल. आमच्याकडं रीतच तशी.

मी म्हणते, शेवटून वाचा.
पहिल्या पानावर रक्कम असते, ती सगळ्यांना पाठ.
मुदत, दंड, अनामत कधी सुटणार,
भिंत तडकली तर किती वर्षं तुमची,
हे मागं असतं, बारीक अक्षरात,
लग्नाच्या यादीत मानपानाचं असतं तसं.

मकदूम मिस्त्री आले तेव्हा काम होऊन गेलं होतं.
शेलगावच्या शाळेच्या दोन खोल्या.
नकाशात पाया दीड मीटर, खाली मुरूम.
जमिनीत दीडवर काळी,
दोनवर काळी,
अडीचवर काळीच, ओली, फावड्याला चिकटणारी,
उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते,
वर जे उभं असेल ते वाकवून बघते.
सरवदे साहेब मोटारसायकलवरून न उतरता म्हणाले,
घ्या खाली, कठीण स्तर लागेपर्यंत. बघू नंतर.
मिस्त्रींनी घेतला. तीन मीटर वीसवर कुदळ वाजली.
जादा खोदाईचे, दगडाचे, काँक्रीटचे
एक लाख चौऱ्याऐंशी हजार
त्या 'बघू नंतर'मध्ये गाडले गेले.

"जबान दिले थे, बाई."
मी कलम काढलं, बोट ठेवलं:
जादा बाब लेखी आदेशाशिवाय ग्राह्य नाही.
त्यांनी त्या ओळीकडं पाहिलं
ओळंब्याकडं बघतात तसं, एक डोळा मिटून.
ओळ सरळ होती.

मग नकाशा उलगडला, मला दाखवायला,
की बघा, इथं मुरूमच काढलाय.
कोपऱ्यात बारीक अक्षरं. अनुरेखन, आणि पुढं माझी सही.

एकतीस वर्षं मी अनुरेखक होते.
नमुना नकाशा खाली ठेवायचा, वरून शाई फिरवायची.
पायाखाली ठिपके, मधेच लहान त्रिकोण, म्हणजे मुरूम.
किती शाळा, किती दवाखाने, तलाठ्यांच्या किती चावड्या,
सगळ्यांच्या खाली मी तोच मुरूम पसरला
पंख्याखाली बसून.
शेलगाव मी पाहिलेलं नाही. आजतागायत.

हे मी त्यांना सांगितलं.
बराच वेळ ते नकाशाच्या घड्या घालत राहिले.
मग म्हणाले, हात चांगला आहे तुमचा.

त्या दिवशी एवढंच शिकवलं:
साहेब तोंडानं बोलले ते त्याच संध्याकाळी
पांढऱ्यावर काळं करायचं.
"आपण आज दिलेल्या तोंडी सूचनेनुसार" असं सुरू करायचं,
तारीख, खोली, हजर कोण कोण होतं,
आणि आवक शिक्का घेतल्याशिवाय
खिडकी सोडायची नाही.
भांडण नको. फक्त पोच.

आता ते लिहितात.
वाळूचा लिलाव अडला, पत्र, सोबत मुदतवाढीचा अर्ज.
सिमेंट नऊ दिवस उशिरा, पत्र.
गवंड्याच्या घरी मयत, काम एक दिवस बंद, पत्र.
सरवदे साहेब हल्ली गाडीवरून उतरतात म्हणे,
आणि बोलायच्या आधी
मिस्त्रींच्या खिशातल्या पेनाकडं बघून घेतात.

ते एक लाख चौऱ्याऐंशी हजार आले नाहीत.
शेलगावच्या भिंतींना तीन पावसाळे झाले, तडा नाही.
दायित्वाची मुदत मार्चमध्ये संपली, अनामत सुटली,
तरी उन्हाळ्यात, काळी फाटायला लागली की,
ते एक चक्कर टाकतात, जोत्यावरून तळहात फिरवत.
हे कुठल्याही कलमात नाही. मी पाहिलंय शोधून.

काल मलाच एक पत्र आलं, दोन प्रतींत.
विषय: आपण दिनांक सात रोजी पाजतो म्हणालेल्या चहाबाबत.
संदर्भ: तोंडी.

दुसऱ्या प्रतीवर मी सही केली, वेळ टाकली,
चार वाजून दहा मिनिटं,
आणि दस्तगीरला दोन बोटं दाखवली.