आयतं

दुकानात तो डबा काचेआड उभा होता,
पाचशे नव्व्याण्णव पौंड, आत निळे-जांभळे दिवे,
जत्रेतल्या पाळण्यासारखे फिरणारे.
विक्रेता म्हणाला, घरी न्या, वायर लावा, खेळा.
शाल्मली वाकून त्याची मागची बाजू बघत राहिली,
बैल घेताना दात बघावेत तशी.
"पॉवर सप्लायवर कंपनीचं नावच नाही, बाबा.
आणि रॅमची एकच पट्टी. दिव्यांचे पैसे घेतायत."

मी इथे हलमध्ये कॅरॅव्हानच्या कारखान्यात खिडक्या बसवतो.
आयती घरं बनवतो आम्ही; लोक ती समुद्राकाठी ओढत नेतात
आणि दोन आठवडे सुखात राहतात.
आयत्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही.
तरी आईचं वाक्य जिभेवर आलंच,
आयत्या पिठावर रेघोट्या कोणीही ओढतं.
पोरगी म्हणाली, "म्हणजे आपण जोडायचा ना?"
म्हणीनं असा कौल दिला.

मग तीन आठवडे ओट्यावर वही.
हळदीचा डाग पडलेल्या पानावर
प्रोसेसर, मदरबोर्ड, कॅबिनेट,
लग्नाच्या यादीसारखी खोडाखोड.
याचं त्याच्याशी जुळतं का, सॉकेट तेच आहे का.
वैजयंती म्हणाली, "आपली पत्रिका कुणी इतकी पाहिली नव्हती."
केअर होममधून यायची, बूट न काढता विचारायची,
"पण डब्यापेक्षा स्वस्त पडतंय ना?"
मी म्हणायचो, पडतंय.

ग्राफिक्स कार्ड जुनं घेतलं,
ब्रान्सहोमला, पांढऱ्या टेलिफोन बूथाशेजारी थांबलेल्या
चिप्सचा वास येणाऱ्या एका गाडीतून.
मुलगा विशीचा, नाव कॅलम.
दीडशे पौंड मोजून घेतले, मग कार्ड देता देता थांबला,
बाहीनं त्याच्यावरची धूळ पुसली.
"गरम होतं थोडं, पण स्वभावानं चांगलं आहे."
बाळ येतंय, म्हणून विकत होता.
कुठल्या खेळात कुठवर पोचला होता
ते त्यानं शाल्मलीला सांगितलं,
मला नाही.

रविवारी जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं.
मी, कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर बारा वर्षं काढलेला,
स्क्रू गच्च आवळायला गेलो; तिनं मनगट धरलं.
"हलक्या हातानं. हे लोखंड नाही."
प्रोसेसर ठेवताना तिनं श्वास रोखला,
वर पेस्टचा ठिपका मोहरीएवढा,
नाही, वाटाण्याएवढा.
दुपारी बटण दाबलं.
काही नाही.
पुन्हा दाबलं.
सगळं उपसलं, परत लावलं. तिच्या डोळ्यांत पाणी,
माझ्या डोळ्यांपुढे तो पाळणा, वॉरंटीसकट फिरणारा.
वैजयंती ड्यूटीला निघता निघता दारात थबकली:
"मागचा तो बारका खटका शून्यावर आहे.
तो असाच असतो का?"

पंखे फिरले.

मग पडद्यावर अक्षरं उमटली, आणि कळलं की विंडोज लागेल.
ते यादीत धरलंच नव्हतं.
दिवसाला तीस खिडक्या बसवणारा मी,
खिडकीच विसरलो.
सगळं मिळून सहाशे एक्क्याऐंशी.
वही मी कणकेच्या डब्यामागे ठेवली आहे.
वैजयंती रोज त्याच डब्यातून कणीक काढते
आणि काही विचारत नाही.

नोव्हेंबर आहे. हीटर आम्ही तासभरच लावतो.
शाल्मली हेडफोन लावून कुठल्याशा बर्फाच्या कड्यावर चढते आहे
आणि मैत्रिणींना सांगते आहे, मी जोडलाय.
आम्ही म्हणाली नाही. असू दे.
यंत्राच्या पाठीतून ऊब येते, कॅलमनं सांगितली होती ती.
रात्री दहानंतर वैजयंती तिथे खुर्ची ओढते,
मोजे काढते,
पाय धरते त्या वाऱ्यापुढे, आधी डावा.
जिन्याखाली मीटर भराभरा आकडे बदलतो आहे.