शेरा, असल्यास

जिल्ह्यावरून तक्ता आला. सत्तेचाळीस रकाने.
वर ठळक अक्षरांत: हवामान सक्षमता मोजणी, नगर पंचायत स्तर.
साहेब म्हणाले, शुक्रवारी पाठवायचा आहे, वासनिक बाई.

विहिरी अकरा.
तीन केव्हाच बुजल्या, नोंदीत अजून पाणी देतात.
उरलेल्या आठांत मी दोर सोडला,
टोकाला वखराची मोडकी पास, हाताहातावर गाठ.
मागच्या मे महिन्यात सोळा गाठी. औंदा एकोणीस.

देवाजी नेवारे म्हणतो,
मोटर कोरडी पडाच्या आंधी खोकलते बाई,
मले मीटर कायले पायजे?
मी लिहिलं, पूर्वसूचना यंत्रणा: आहे.
मग खोडलं.
देवाजी दिवाळीनंतर रिटायर होतो.

लावलेली झाडं दोन हजार.
जगलेली, असा रकानाच नव्हता,
तो मी पट्टीनं आखून घेतला.
एकशे बारा.
त्यातली नऊ स्टँडमागच्या टपरीच्या उताराला,
कपबशा विसळलेल्या पाण्यावर.

तापमान शेहेचाळीस.
ते शाळेच्या व्हरांड्यातलं, उत्तरेच्या भिंतीवरचं.
पंचफुला आशाताईनं तेच थर्मामीटर
एक दिवस टिनाखाली नेऊन टांगलं.
पारा पन्नासला जाऊन टेकला.
पुढे काच होती.

उष्माघाताचे मृत्यू: शून्य.
बरोबर आहे, रजिस्टरशी जुळतं.
गोमाजी कुंभलकर मागच्या वर्षी गेले,
एकोणीस मे, दुपारी, बाजेवर, टिनाखाली.
दाखल्यावर कारण वार्धक्य.
खाली सही माझी.

तेव्हापासून पंचफुला निघते, भर एकला,
डोक्यावर ओला दुपट्टा, हातात चुन्याची डबी.
एकतीस टिनाची घरं, एकटी म्हातारी माणसं.
कडी वाजवते. आतून ओ आली
की चौकटीवर चुन्याचं बोट.
कोणी सांगितलं नाही तिला. मानधनही नाही त्याचं.

आज मी तिच्या मागून निघाले, तक्ता छातीशी धरून.
चौकटींवर बोटांवर बोटं चढलेली,
एप्रिलची पुसट, कालची पांढरी फेक.
कशात मोजू हे? टक्क्यांत?

शेवटचा रकाना, सत्तेचाळीसावा: शेरा, असल्यास.
जागा दीड इंच.
लिहिलं:
दुपारी एक ते तीन. दारं एकतीस.
ओ आली एकोणतीस.

दोन दारांपैकी एकाशी पंचफुला उभी आहे,
कडी वाजवते आहे अजून.
दुसऱ्याकडे मी चालले.
तक्ता सोमवारी पाठवते, साहेब.