काट्यांना पाणी

माझे सासरे सरकारी नोकरीत होते.
काट्यांना पाणी घालायचे.

हसू नका. महिना साडेचार रुपये,
एक पितळी बिल्ला आणि मैलभर कुंपण :
बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग,
दोन पुरुष उंच,
इटाव्याच्या घळींतून वर चढणारं, खाली उतरणारं.
कुठे संपतं, गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.
पलीकडे सांभरचं मीठ स्वस्त.
अलीकडे तेच मीठ सोनाराच्या तराजूत.

त्याआधी झम्मन काछी म्हणजे
चंबळेच्या वाळूतली खरबुजं.
टिचकी मारून सांगायचे, आज की उद्या.
त्या बोटांत साहेबाने बोरीची रोपं दिली.
हाताला गुण होता, काय करणार,
लावतील ते उठायचं.
साहेबाने वहीत शेरा लिहिला : उत्तम.

नणंद भगवनिया पलीकडे दिलेली.
फाटक चार कोसांवर, आणि तिथला शिपाई
लहंग्याचा घेर झाडून दाखवा म्हणायचा.
ती यायची बंद झाली.
तिचं बाळंतपण आम्ही धुरावरून ओळखलं :
दोन दिवस चूल नाही,
तिसऱ्या दिवशी दोन धूर.

सासूबाई डाळीवर मिठाची चिमूट धरायच्या
आणि ती सैल न करताच हात मागे घ्यायच्या.
म्हैस माझा घामेजला दंड चाटत राहायची.

"सरकारचं मीठ खातोस," मुकादम म्हणायचा,
"जाग त्याला."
"खाल्लं की जागतो," सासरे म्हणायचे.

माघातल्या एका रात्री
पलीकडून कुणी गोणी भिरकावली.
ती शेंड्याच्या काट्यांत अडकून फाटली.
पळती पावलं. मग नुसता
पीठ चाळल्यासारखा बारीक आवाज, पहाटेपर्यंत.
सासरे खाली बसून होते.
हाक मारली असती तर बक्षीस होतं.
हात पुढे केला असता तर तुरुंग.
त्यांनी दोन्ही केलं नाही.

उजाडायच्या आत सासूबाईंनी माती खरवडून आणली,
पाण्यात कालवली, ओढणीतून गाळली, आटवली.
त्या दिवशीच्या डाळीला मातीचा वास होता.
सासऱ्यांनी दोनदा मागून घेतली.

चैतात तिथली बोर वाळली.
मग शेजारची बाभूळ.
साहेब घोड्यावरून उतरला, फांदी मोडून पाहिली.
"वाळवी, हुजूर."
रोज दोन पखाली जास्त घालायचा हुकूम झाला.
सासरे घालत गेले. जितकं पाणी,
तितकं मीठ मुळाशी खाली.
त्यांना कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही.
कळत होतं असंही ते कधी बोलले नाहीत.

पुढे एक वर्ष कागद आला : कुंपण नको.
गावाने गूळ वाटला.
मागाहून समजलं, सांभरचं तळंच
सरकारने हाताखाली घेतलंय,
कर आता तिथेच, पाण्याच्या काठाशी.
कुंपण शेत खाऊन उठलं होतं, इतकंच.
भगवनिया माहेरी आली, सात वर्षांनी,
आणि आमच्या चुलीशी बसून
चिमूट धरली, हात मागे घेतला.

बिल्ला परत केला. काटे सरपणात गेले.
सासरे पुन्हा वाळूत उतरले, पण
बोटांना घट्टे पडले होते,
खरबूज आतून काय म्हणतं, ऐकू येईना.
मला बोलवायचे : "तू मार टिचकी."

त्या पाच हात जागेत अजून काही उगवत नाही.
दुपारी बकऱ्या कळपातून फुटून तिथे जातात,
गुडघे टेकतात
आणि जमीन चाटतात.