कान

"तेल कोण घातलं?" राजमोगली येमुल विचारतात,
डोळ्यावरचं भिंग न काढता.
मी रस्त्याकडं बघतो.
मीच घातलेलं. शिलाई मशीनचं, चार थेंब,
चांगल्या मनानं.

झेनिटचा पडदा अर्ध्यातच अडकलाय.
"कापडच हाय की हे," म्हणतात,
आणि तीस वर्षं धोट्याच्या मागं धावलेला हात
चिमट्यानं केसाएवढा स्क्रू उचलतो,
शेंगाचटणीच्या डबीच्या झाकणात ठेवतो.

स्पिरिटचा वास.
काडीचा कापूस तपकिरी, मग पिवळा,
मग बऱ्याच वेळानं पांढराच.
लिव्हर ओढतात. दाबतात.
पण साखर पेठेत, भिंतीपलीकडं, बारा माग
खडाक खट् खडाक खट्,
त्यात सेकंदाचा तिसावा भाग
कुणाला ऐकू यायचा?
"थांबा. सव्वातीनला जाते."

जाते.
पंखा सवयीनं दोन गिरक्या जास्त घेतो.
माग गप्प होतात, एक जरा उशिरा,
आणि सोलापूरच्या त्या भाजक्या दुपारी
गल्लीत कुणीतरी तेलुगूत चहा मागतं.

येमुल कॅमेरा कानाशी धरतात,
कलिंगड पारखावं तसा.
झप्.
पुन्हा ओढतात. झप्.
"पैला तीसचा. हा साठचा. कळला फरक?"
मला दोन्ही एकच. मी मान डोलावतो.

झाकण बसवतात, स्क्रू मोजतात,
एक उरतो. बघतात त्याच्याकडं,
पुन्हा सगळं उघडतात.

वीज येते तेव्हा कागदात गुंडाळणं चाललेलं.
"साडेतीनशे," मागांच्या आवाजावर आवाज चढवून,
"आणि तेलाचे पन्नास वेगळे."