हजेरीची वही

वही माझ्याकडे आली तेव्हा तिला कसर लागली होती,
पानापानांत कडुनिंबाचा वाळका पाला.
पहिलं पान एकोणीसशे अकरा.
वर लिहिलंय : गायकवृंद, जण सात,
पैकी दोघांना सूर नाही.

चर्च आमचं बाजारपेठेच्या मागे,
बोरीकडे उतरणाऱ्या गल्लीत.
बाजार त्याहून जुना, आणि रविवारचा.
पाद्रीसाहेबांनी वार बदला म्हणून दोन अर्ज दिले.
वार बदलला नाही.
आम्ही उपासना पहाटे सहाला आणली,
तरी शेवटच्या गीतात मिरचीचा ठसका यायचाच.

मानमोडीच्या साली खर्जाचे चार आवाज
एकदम गैरहजर.
पुढच्या पानावर त्याच आडनावांची पोरं,
आवाज न फुटलेली.
एका ठिकाणी नुसतं : "पूर. पेटी वाहून गेली. तरी गायलो."

पेटी पुन्हा आली नाही.
मग सूर द्यायचा जिनिंगचा भोंगा.
शनिवारी सातच्या सुमाराला
आम्ही तोंड मिटून उभे,
रूथमावशीचं बोट वर,
आणि भोंगा विझता विझता त्याचं शेपूट पकडून
चारी आवाज एकदम आत.
परगावचे पाहुणे म्हणत,
तुमचं सगळं अर्धा सूर वर आहे.
असेल. गावच तेवढं वर होतं.

जिनिंग बंद पडली त्या शनिवारी
सात वाजले. सव्वासात झाले.
मावशीचं बोट थरथरायला लागलं.
तेव्हा मागच्या रांगेतला शलमोन बैसाणे,
भोंग्यासमोरच्या ओट्यावर
जन्मभर ज्वारी मापत आलेला,
घसा खाकरून म्हणाला, "लाभ."
पहिल्या पायलीला म्हणायचा तसा.
एक नाही. लाभ.
तोच सूर, केसभरही न हललेला.
पुढची बावीस वर्षं प्रत्येक गीताआधी
आमच्याकडे हा एक शब्द,
जो कुठल्याच गीतात नाही.

परवा त्यालाच पोचवायला गेलो.
खड्ड्याभोवती आम्ही अकरा.
आता बोट माझं असतं, ते वर केलं,
आणि मग कुणाकडेच काही नाही.
वारा, आणि फावड्याला लागलेली काळी माती.

कुंपणाबाहेर मार्केटातले मापाडी
टोप्या हातात घेऊन उभे होते.
आत यावं की नाही, त्यांना कळत नव्हतं.
त्यांच्यातला भिकन म्हणाला,
"म्हना ना वं माय, काबरं थांबनात?"
मी काही बोलले नाही.
तो खाली बघत राहिला थोडा वेळ,
आणि मग लाजत, मातीलाच सांगावं तसं :
"लाभ."

उतरला होता जरा. भिकन तंबाखू खातो.
आम्ही तोच धरला.

रात्री वहीत लिहिलं, हजर अकरा.
मग त्यावर रेघ मारली
आणि खाली भिकनचं नाव लिहिलं.
आडनाव विचारायचं राहिलंय.